घरगुती सुगंधी तेलाचा पाच लिटरचा संच: काय निघतं आणि किती

गॅसच्या शेगडीवर ठेवायचे स्टीलचे ऊर्ध्वपातन संच (म्हणजे वाफेने तेल काढायचे संच) आता ऑनलाइन सहज मिळतात. हंडी, आत जाळी, घुमटाकार झाकण, वाफ गार करून तिचं पाणी करणारा वेटोळ्या नळीचा कंडेन्सर आणि तेल-पाणी वेगळं करायला तोटीचं काचेचं भांडं, एवढा सरंजाम. संच चांगला आहे. पण तेल विकायच्या इराद्याने घेणार असाल तर आधी हिशेब करा: ताज्या गवती चहात वजनाच्या साधारण 0.2 ते 0.5 टक्के तेल असतं आणि या हंडीत चिरलेलं गवत फार तर किलोभर मावतं. म्हणजे एका खेपेला 2 ते 5 मिली. गुलाबाचं तर नावच काढू नका. त्याच्या एक किलो तेलाला तीन ते पाच टन पाकळ्या लागतात. गुलाबपाणी मात्र उत्तम निघतं.

झाड हे तेल कीड, बुरशी आणि चरणारी जनावरं यांना दूर ठेवण्यासाठी बनवतं. ते झाडाच्या स्वतःच्या पेशींनाही बाधू शकतं, म्हणून वेगळ्या जागी कोंडून ठेवतं. ही जागा कुठे आहे त्यावर तयारी ठरते. तुळस, पुदिन्यात ती पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असते. या ग्रंथी नुसत्या हाताळण्यानेही फुटतात, म्हणून पानं न चिरता, न चोळता भरावीत. गवती चहाचं तेल पानाच्या आतल्या पेशींत असतं. तो एक दिवस सावलीत सुकवून 2-3 सेंमीचे तुकडे करावेत. पाणी कमी झाल्याने हंडीत मालही जास्त बसतो.

जाळीखाली सव्वा लिटर पाणी पुरतं. गवताला पाणी टेकलं, तर पाला शिजतो आणि तेलाला उकडलेल्या भाजीचा वास येतो. पाला ठासून भरला, तर वाफ एकाच भोकातून वाट काढते आणि बाकीचा माल कोराच राहतो. झाकणाच्या कडेने वाफ गळते, हा या संचाचा खरा दोष. तिथे कणकेचा लेप लावावा. वॉशर सिलिकॉनचा आहे आणि तो वास धरून ठेवतो. लवंगेनंतर तुळस लावली तर तुळशीच्या पाण्यालाही लवंगेचा वास येतो. वॉशर दोन ठेवावेत.

आच मंद हवी. कंडेन्सरमधून पडणारं पाणी हाताला कोमट लागलं, तर तेल हवेत चाललंय असं समजा आणि गार पाणी बदला. वेटोळी छोटी असल्याने हे वरचेवर करावं लागतं. गवती चहाच्या तेलातला मुख्य घटक सिट्रल 229 अंशांच्या आसपास उकळतं, तरी वाफेबरोबर ते शंभराच्या खालीच निघून येतं, कारण पाणी आणि तेल दोघांच्या वाफांचा दाब एकत्र धरला जातो. त्यामुळे मोठ्या आचेने फायदा काहीच नाही.

काचेच्या भांड्याची मान अरुंद आहे, हे फार बरं. रुंद भांड्यात तीन मिली तेलाचा नुसता तवंग पसरतो, उचलता येत नाही. लवंगेचं तेल मात्र पाण्यापेक्षा जड, ते तळाशी बसतं. तेव्हा तोटी आधी तेलाची, मग पाण्याची.

तेल गडद काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून ठेवावं. प्लास्टिकचं झाकण मऊ पडतं आणि लोखंडाचा अंश गेला, तर सिट्रल काळपटतं. हे तेल न मिसळता त्वचेला लावू नये.