आठ महिने केगवर: बाटल्या सुटल्या, नळी नडली

घरच्या बिअरची 19 लिटरची एक बॅच बाटल्यांत भरायची म्हणजे पन्नासच्या वर बाटल्या. त्या धुवायच्या, निर्जंतुक करायच्या, साखर मोजून घालायची, बुचं मारायची, आणि पुढे दोन आठवडे एखादी फुटत तर नाही ना म्हणून कान टवकारून बसायचं. या कटकटीला वैतागून केग घेतला, म्हणजे अख्खी बॅच एकत्र मावेल असं, गॅसच्या दाबाखाली बिअर ठेवायचं पिंप. आता त्याच्याही कटकटी सांगतो.

सामान असं: शीतपेयांच्या पाकासाठी वापरायचे तसला बॉल लॉकचा (बारीक गोळ्यांनी अडकणाऱ्या कनेक्टरचा) जुना स्टीलचा केग, 5 पौंडांचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, गॅसचा दाब कमी-जास्त करायचा दोन काट्यांचा रेग्युलेटर, एक नळ आणि जुना फ्रिज. फ्रिजच्या बाजूला भोक पाडायच्या भानगडीत पडू नका, आत थंडाव्याच्या गॅसच्या नळ्या असू शकतात. मी दारात पाडलं.

पहिला सिलिंडर बिअरच्या वाट्याला आलाच नाही, हवेनेच संपवला. जोडणी झाल्यावर साबणाचं पाणी लावलं, पण फक्त झाकणाच्या कडेने. गॅसच्या पोस्टवरची (केगच्या डोक्यावर गॅस जोडायचं तोंड असतं, त्यावरची) रबरी रिंग चिरलेली होती, तिकडे बघितलंच नाही. बरं, सिलिंडरचा काटा रोज जागच्या जागी. आत द्रवरूप गॅस शिल्लक असेपर्यंत तो काटा हलत नाही, तापमान बदललं तरच हलतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एके दिवशी सकाळी काटा धाडकन खाली आला तेव्हा उजेड पडला. आता सिलिंडर सरळ वजनकाट्यावर ठेवतो. रिकाम्याचं वजन त्याच्या मानेवर कोरलेलंच असतं, ते वजा केलं की किती उरलाय ते कळतं. सगळ्या रिंगा बदलून त्यांना खाण्याच्या दर्जाचं सिलिकॉन ग्रीस लावलं. नवीन केग लावताना झाकण बसावं म्हणून आधी 30 पीएसआय (दाबाचं एकक) दाब देतो, मग प्रत्येक जोडावर साबण. बुडबुडा दिसला की तिथेच थांबायचं.

खरं डोकं खाल्लं ते फेसाने. पहिला महिनाभर पेल्यात तीन भाग फेस आणि तळाला एक भाग बिअर. फेस येतो म्हणजे दाब जास्त असणार, असं समजून 11 वरून 5 पीएसआयवर आणला. फेस वाढला! चार अंशांना 11-12 पीएसआयवर जेवढा गॅस बिअरमध्ये मुरतो, तेवढा 5 वर टिकत नाही. तो नळीतच सुटायला लागतो. उजेडात धरल्यावर नळीत गॅसचे लांब लांब तुकडे दिसले, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. दोष दाबाचा नव्हता, नळीचा होता. किटबरोबर पाच मिलिमीटर आतल्या व्यासाची, जेमतेम दीड मीटर नळी आली होती. विकणाऱ्याने एवढी तोकडी का द्यावी, देव जाणे. त्याच व्यासाची तीन मीटर घातली, वेटोळं करून केगच्या डोक्यावर ठेवलं, दाब परत 11 वर नेला. लांब नळीत घर्षणाने वेग मरतो आणि बिअर शांतपणे उतरते. पहिल्या पेल्याला थोडा फेस अजूनही येतो, कारण नळ फ्रिजच्या बाहेर, गरम असतो. आणि नळ उघडायचा तर एका झटक्यात पूर्ण. अर्धवट उघडलात की फेस झालाच.

नळावरून आठवलं. स्वस्तातला, मागून बंद होणारा नळ घेऊ नका. तोंडाशी उरलेली बिअर सुकून गोंदासारखी चिकटते, आणि दोन दिवस नाही वापरला तर दांडा हलत नाही. पुढून बंद होणारा घेतल्यापासून तक्रार नाही. केग संपला की नळीतून गरम पाणी आणि क्षारयुक्त क्लीनर फिरवतो. एकदा आळस केला होता, पुढची अख्खी बॅच आंबूस लागली.

करडं कनेक्टर गॅसचं, काळं बिअरचं. गॅसच्या पोस्टच्या षटकोनावर खाचा असतात. अंधारात उलट बसवलं आणि ते असं अडकलं की पक्कड घ्यावी लागली.

एवढं असूनही बाटल्यांकडे परत जाणार नाही, आणि ते फक्त मेहनत वाचते म्हणून नाही. केग निर्जंतुक करायच्या द्रावणाने काठोकाठ भरायचा आणि गॅसने तो रिकामा करायचा; आत हवा जवळपास उरतच नाही. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) मारा असलेल्या एका फिक्या बॅचमधल्या सहा बाटल्या मुद्दाम बाजूला काढल्या होत्या. दीड महिन्याने त्या तपकिरी झाल्या, वास ओल्या पुठ्ठ्याचा. केगमधली तेव्हाही लिंबाच्या सालीसारखी दरवळत होती.

किती बिअर उरलीय हे मात्र बाहेरून दिसत नाही. दमट दिवशी केग फ्रिजबाहेर काढला की बिअर असेल तिथवर घाम येतो, त्यावरून अंदाज बांधतो. नाहीतर पाहुण्यांसमोर पेला अर्धा भरतो आणि नळ फुर्रर्र करून गप्प बसतो.