केमो पोर्ट, पण केमोशिवाय : बरेच महिने वापरल्यानंतर

आधीच सांगून टाकते, मला कॅन्सर नाही. क्रोन्स आहे. आतड्याला सारखी सूज येते, व्रण होतात, जागोजागी ते अरुंद होतं. ऑपरेशनांमध्ये माझं बरंचसं लहान आतडं गेलं आणि उरलेलं पाणी नि क्षार पुरेसे शोषत नाही. त्यामुळे दर आठ आठवड्यांनी इन्फ्लिक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबून सूज कमी करणारं औषध), मधेमधे सलाईन, मॅग्नेशियम, कधी लोह, आणि सगळं शिरेतून. घरच्या घरी पोटावर टोचून घ्यायचं त्याच जातीचं अडालिमुमॅब आधी करून पाहिलं, लागू पडलं नाही. आता उजव्या कॉलरबोनखाली कातडीच्या आत पोर्ट आहे, म्हणजे मोठ्या शिरेला नळीने जोडलेली छोटी डबी, तिच्यात सुई टोचून औषध देतात. वॉर्डात सगळे त्याला केमो पोर्टच म्हणतात, कारण ते बसवून घेणारे बहुतेक पेशंट केमोचे असतात.

पोर्टकडे यायच्या आधी हातांचं काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर एवढा खटाटोप कशासाठी ते कळणार नाही.

सलाईनच्या सुयांना रंग असतात. ऑपरेशनला हिरवी, म्हणजे 18 नंबर. वॉर्डात गुलाबी 20, नाहीतर निळी 22. पिवळी 24 लहान मुलांची. नंबर वाढला की सुई बारीक. मी हिरवीपासून सुरुवात केली आणि हळूहळू पिवळीवर आले. शेवटी शेवटी पिवळीही दिवसभर टिकायची नाही. संध्याकाळी हात सुजायचा, सिस्टर येऊन म्हणायच्या, "ताई, बाहेर गेलंय हो," की पुन्हा शोधाशोध. टुर्निकेट आवळा, हात खाली सोडा, मूठ उघडा-मिटा, गरम पाण्याची पिशवी, टिचक्या. शीर दिसायची, सुई शिरायची, थेंबभर रक्त यायचं आणि पुढे नळी सरकायचीच नाही.

शिरेच्या आतलं अस्तर फार नाजूक असतं. प्लास्टिकची नळी त्याला घासत राहते, वरून औषध झोंबतं. सूज येते, गुठळी होते, आणि भरून येताना शीर आतून आवळून कडक होते. माझ्या डाव्या हाताला मनगटाच्या वर अशी एक शीर आहे, कातडीखाली सुतळी लागावी तशी बोटाला लागते. त्यातून आता काहीच वाहत नाही. औषधांचं म्हणाल तर रक्ताचा पीएच 7.4 च्या आसपास असतो. आपल्याकडे ॲडमिट झालं की पहिल्या तासात जे 'पॅन' देतात, ते पित्ताचं पँटोप्राझोल पाण्यात विरघळवलं की 9 ते 10 च्या घरात जातं. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक उलट्या टोकाला, चांगलंच आम्लधर्मी. आणि पोटॅशियम घातलेली बाटली! ज्याने घेतलीय त्यालाच माहीत. मनगटापासून कोपरापर्यंत जळत जातं, आणि थेंब हळू करायला सांगितलं की "ताई, बाटली कधी संपायची मग?" हे ऐकावं लागतं. वर स्टिरॉइड्सनी कातडी इतकी पातळ झालेली की चिकटपट्टी काढताना सालपटं निघायची. सुजलेल्या शिरांवर लावायच्या थ्रोम्बोफोब मलमाच्या किती ट्यूब संपल्या, हिशेब नाही.

एक गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला एक मोठी, सरळ, सहज सापडणारी शीर असते. घाईत सगळे तिथेच टोचतात. पण तिला लागूनच अंगठ्याच्या मागची संवेदना नेणारी नस जाते. माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढी जागा बधिर आहे. भाकरी थापताना त्या जागी पीठ लागलेलं कळत नाही, आणि तव्याचा चटकाही उशिराच कळतो. सुई घालताना बोटात विजेसारखी कळ गेली तर तिथल्या तिथे "काढा" म्हणायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पोर्टच्या आधी पिक लाईन झाली. दंडातल्या खोल शिरेतून सोनोग्राफी बघत घातलेली लांब नळी, टोक थेट हृदयाजवळ. काही आठवड्यांच्या अँटिबायोटिकसाठी ती उत्तम, मी कुणालाही सांगेन. पण नळीचं शेपूट दंडावर बाहेर लोंबतं, आठवड्याला ड्रेसिंग बदलायचं, आंघोळीला दंड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. माझी नेमकी पावसाळ्यात. साताऱ्याच्या जुलैत कपडे वाळत नाहीत, तिथे ड्रेसिंग काय कोरडं राहणार? कडा सुटायच्या, आत खाज. ती काढली त्या दिवशी पहिलं काम म्हणजे मनसोक्त डोक्यावरून आंघोळ.

पोर्टला माझे पोटाचे डॉक्टर लगेच तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबर होतं. इन्फ्लिक्सिमॅबने प्रतिकारशक्ती दबलेली असते. अशा माणसाच्या शरीरात कायमची वस्तू ठेवायची म्हणजे जंतूंना घर दिल्यासारखं. शिवाय क्रोन्स भडकला की रक्तात गुठळ्या व्हायचा धोका तसाही वाढतो. पण प्रत्येक सलाईनला तासभर टोचाटोची, हाही काही उपाय नव्हता. शेवटी पुण्यात जाऊन बसवलं. जागा बधिर करून, थोडी गुंगी देऊन, तासाभराचं काम. मानेच्या मुळाशी एक छोटा छेद, छातीवर एक. मानेतल्या शिरेतून नळी खाली हृदयाजवळ, दुसरं टोक कातडीखालच्या डबीला. डबी टायटॅनियमची किंवा प्लास्टिकची असते, वर सिलिकॉनचा पडदा. सुई त्या पडद्यातून आत जाते आणि काढली की पडदा आपोआप मिटतो.

टाक्यांपेक्षा मान जास्त दुखली. आठवडाभर कुणी हाक मारली की अख्खी वळायची. बादली, कुकर, गॅस सिलिंडर काही आठवडे बंद. ते घरातल्या इतरांना जमलं, जग बुडालं नाही.

आता रोजचं. पोर्टला सुई लावलेली नसताना बाहेर काहीच दिसत नाही, बारीक उंचवटा तेवढा. आंघोळ, प्रवास, झोप सगळं नेहमीसारखं, फक्त उजव्या कुशीवर झोपलं की टोचतं. पदर डाव्या खांद्यावर असतो, तो आड येत नाही. मंगळसूत्र मात्र बरोबर पोर्टवर येऊन थडकायचं. सासूबाईंनीच सोनाराकडून आखूड करून आणलं, मला बोलावंही लागलं नाही. ब्रेसियरचा पट्टा बाजूला घ्यावा लागतो. पर्स डाव्या खांद्यावर. आणि गाडी! आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याचा सीटबेल्ट उजव्या खांद्यावरून येतो, म्हणजे नेमका पोर्टवरून. पोर्ट सहसा उजवीकडेच बसवतात, कारण तिकडून नळी सरळ उतरते. स्वतः गाडी चालवत असाल तर जागा ठरवताना सर्जनशी याबद्दल बोला, तो आपण होऊन विचारणार नाही. मी टेप लावलेली मऊ पट्टी बेल्टला गुंडाळते. बेल्ट लावायचा नाही, हा पर्याय नाही.

सुई लावतानाचा त्रास हाताच्या मानाने नगण्य. तासभर आधी जागा बधिर करणारं लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम लावून वर प्लास्टिक चिकटवायचं. सिस्टर मास्क आणि निर्जंतुक हातमोजे घालतात, जागा पुसतात, पूर्ण वाळू देतात, दोन बोटांत डबी धरतात आणि सरळ खाली दाबतात. आत सुई तळाला टेकल्याचं मलाही जाणवतं. मग रक्त मागे येतं का पाहायचं आणि सलाईन सोडायचं. त्या क्षणी तोंडात खारट, धातूसारखी चव येते. पहिल्यांदा मी घाबरले होते, पण ती पुष्कळांना येते. मी जिभेवर खडीसाखर ठेवते.

खरी अडचण पोर्टची नाही, ते हाताळणाऱ्या माणसांची आहे. आणि खर्चाच्या आधी याचाच विचार करा, असं माझं ठाम मत आहे. पुण्यातल्या डे केअरमधल्या सिस्टर रोज हेच करतात, त्यांचा हात बसलेला. पण अचानक पाणी कमी पडलं की मी दर वेळी पुण्याला कशी पळू? गावातल्या एका दवाखान्यात सिस्टरने पोर्ट पाहिलं आणि साधी सुई उघडली. पोर्टला ह्यूबर सुई लागते. तिचं टोक असं वळवलेलं असतं की ती सिलिकॉनचा तुकडा कातरत नाही, पडद्याला फक्त चीर पाडून जाते. राल्फ ह्यूबर नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने 1940 च्या दशकात ही सुई बनवली, इंजेक्शन कमी दुखावं म्हणून. पोर्ट आलं 1980 च्या दशकात आणि ती सुई तिथे उपयोगी पडली. साध्या सुईने मात्र पडदा कायमचा गळू लागतो. मी नाही म्हटलं. सिस्टर रागावल्या, "आम्ही रोज सुया लावतो मॅडम." मी म्हटलं, "लावता हो, पण ही वेगळी आहे," आणि पर्समधून माझी ह्यूबर काढून दिली. मग त्यांनी 2 मिलीची सिरिंज घेतली. तीही नाही. सिरिंज जितकी छोटी तितका दाब जास्त, नळी फुटू शकते. पोर्टला 10 मिली किंवा त्याहून मोठीच. त्या सिस्टरना दोष देत नाही, त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पुढच्या वेळी मी पुण्याच्या सिस्टरकडून मराठीत लिहून घेतलेला कागद घेऊन गेले, तो त्यांनी भिंतीवर चिकटवला.

माझ्या पिशवीत म्हणून कायम दोन ह्यूबर सुया, 10 मिलीच्या सिरिंज, पारदर्शक ड्रेसिंग आणि पोर्टचं कार्ड. कार्ड हरवू नका. सीटी स्कॅनला डाय (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून द्यायचं द्रव) जोरात ढकलतात, आणि तो दाब प्रत्येक पोर्टला झेपत नाही. कार्ड नसेल तर स्कॅनवाले हातातच सुई मागतात, आणि हाताचं काय झालंय ते वर लिहिलंय.

एकदा सलाईन आत जात होतं पण रक्त मागे येईना. नळीच्या टोकाभोवती फायब्रिनचा (रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाचा) पापुद्रा तयार होतो, तो झडपेसारखा वागतो. "हात वर करा, खोका, मान डावीकडे, आता आडव्या व्हा." शेवटी आडवी होऊन खोकल्यावर आलं. नसतं आलं तर गुठळी विरघळवणारं औषध नळीत भरून ठेवायचा बेत होता. रक्त येत नसताना नुसतं "जातंय ना, मग चालू करा" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आणि एकदा चांगलीच टरकले. सलाईन सुरू झालं आणि अर्ध्या तासात हुडहुडी भरून ताप. पोर्टमध्ये संसर्ग असला की असंच होतं, फ्लश केल्याबरोबर, म्हणजे नळीत सलाईन ढकलल्याबरोबर, जंतू रक्तात जातात. तपासणीसाठी रक्त दोन ठिकाणाहून एकाच वेळी घेतात, एक पोर्टमधून, एक हातातून. पोर्टमधल्या नमुन्यात जंतू हातातल्या नमुन्यापेक्षा दोन तास किंवा त्याहून जास्त आधी वाढले तर दोष पोर्टचा. हातातून म्हटल्यावर मला हसू की रडू कळेना. शेवटी सोनोग्राफी बघून दंडातली खोल शीर पकडली. निघाला लघवीचा संसर्ग. पण तेव्हापासून थंडी वाजून ताप आला की क्रोसिन घेऊन वाट बघत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल, हा घरातला नियम आहे.

लोकांचं एक वेगळंच. ड्रेसिंग दिसलं की आवाज खाली येतो. शेजारच्या काकूंनी आईला बाजूला घेऊन "कुठल्या स्टेजचा?" विचारलं. आई म्हणाली, "आतड्याचा आहे, पण तो नव्हे." त्याने गैरसमज दुप्पट झाला. आता मी ड्रेसिंगवर ओढणी घेते आणि विषय वाढवत नाही.

खर्चाचं थोडक्यात. बसवायचा खर्च विम्याने दिला, कारण रात्रभर ॲडमिट होते. वापरात नसताना ठरलेल्या मुदतीत फ्लश करावं लागतं. बहुतेक जण दर चार आठवड्यांनी सांगतात, काही डॉक्टर आठ ते बारा आठवडे चालवून घेतात. तो खर्च, ह्यूबर सुई आणि पुण्याचं जाणं-येणं आपल्या खिशातून. ह्यूबर साध्या सुईच्या कितीतरी पट महाग आणि दर वेळी नवी.

पाचपैकी चार देईन. एक गुण कापला तो आपल्या छोट्या गावांत ते हाताळणारं कुणी नसतं म्हणून. हातांची परिस्थिती थोडी सुधारलीय, उजव्या हाताच्या पाठीवर एक शीर पुन्हा दिसायला लागलीय. ती मी कुणालाही देत नाही. रक्ततपासणीवाले तिच्याकडे बघतात, मी हात मागे घेते.

अजून शिरा शिल्लक असतील तर पोर्टची घाई नको. आधी हाताच्या पाठीपासून सुरू करून वर जा, कोपराची खोबण रक्ततपासणीसाठी राखा, पोटॅशियम हळू द्यायला सांगा, सोनोग्राफी बघून शीर शोधणारा भूलतज्ज्ञ आहे का विचारा. इन्फ्रारेड दिवा लावून शिरा दाखवणारं यंत्र वरवरच्या शिरांना बरं, खोल शिरांना निरुपयोगी. आणि किडनीचा आजार असेल तर पिक किंवा पोर्ट काहीही बसवण्याआधी किडनीच्या डॉक्टरांना विचारा, कारण पुढे डायलिसिसच्या फिस्टुलासाठी (हातातली शीर धमनीला जोडतात, त्यासाठी) त्याच हाताच्या शिरा लागतात आणि पिकमुळे त्या बंद पडू शकतात. तिथे माझा अनुभव उपयोगाचा नाही.