नाशिकच्या गॅरेजांतलं लहान कंपन्यांचं इंजिन ऑइल: कुठे घ्यावं, कुठे टाळावं

लहान कंपनीचं ऑइल म्हणजे भेसळ, असं सरसकट म्हणणं चूक आहे. बेस ऑइल, म्हणजे मूळ तेल, बहुतेक रिफायनरीतूनच येतं आणि त्यात मिसळायच्या रसायनांचं तयार ॲडिटिव्ह पॅकेज लुब्रिझोल, इन्फिनियम यांसारख्या कंपन्या ऑइल मिसळून डब्यात भरणाऱ्या लहान कंपनीलाही विकतात. जाहिरातीचे वाचलेले पैसे लहान कंपनी दुकानदाराच्या मार्जिनमध्ये, मेकॅनिकसाठी डब्याच्या झाकणात ठेवलेल्या कूपनमध्ये आणि उधारीत घालते. म्हणून मेकॅनिकने हातात दिलेला डबा उलटा करून मागची बाजू वाचायलाच हवी.

सगळ्यात जास्त जपायचं ते बाईकला. पल्सरसारख्या गाडीत इंजिन, गिअर आणि ओला (ऑइलमध्ये बुडालेला) क्लच एकाच ऑइलवर चालतात. ऑइल तापल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून त्यात पॉलिमर असतं. ते हलक्या प्रतीचं असेल तर गिअरच्या दातांत चिरडून तुटतं आणि २०डब्ल्यू-५० ऑइल ४० ग्रेडपर्यंत पातळ होतं. सुरुवातीला गाडी झकास चालते. पुढे द्वारका चौकाच्या गर्दीत तापली की गिअर अडतो, न्यूट्रल सापडत नाही, टॅपेट वाजू लागतो. रेस वाढते पण गाडी ओढत नाही, असं झालं तर क्लच घसरतोय. कारचं ऑइल टाकलेलं नाही ना, ते आधी बघा. डब्यावर जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए२ (ओल्या क्लचसाठी) आणि सोबत ऑइल कोड हवा. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा, तिला एमबी. ऑइल लवकर काळं पडलं म्हणून मात्र कंपनीला नावं ठेवू नका, काजळी धरून ठेवणं हे डिटर्जंटचं कामच आहे.

लहान कंपन्यांची खरी किंमत वसूल होते ती ट्रॅक्टरमध्ये. दिंडोरी-निफाडच्या बागांत फवारणीचा ब्लोअर ओढणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० असेल, तर सीआय-४ (एपीआय या अमेरिकी संस्थेचा डिझेल ऑइलचा दर्जा) ची २० लिटरची बादली बिनधास्त घ्या. सील, बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख तेवढी तपासा. दर्जापुढे नुसतं ‘मीट्स’ (पूर्ण करतं) लिहिलं असेल तर तो कंपनीचा स्वतःचा दावा. एपीआयचं लायसन्स असेल तर गोल शिक्का असतो. फिल्टरही त्याच वेळी बदला, जुन्यात घाण ऑइल उरतंच.

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेल कारमध्ये ही बादली अजिबात ओतू नका. तिला कमी राखेचं ऑइल लागतं. साध्या ऑइलची राख त्या फिल्टरमध्ये साचते आणि काजळी जाळून फिल्टर साफ करणाऱ्या रिजनरेशनने जळत नाही.