डॅशबोर्डच्या चकाकीखाली दडवलेले ओरखडे आणि माझे गेलेले ९,२९९ रुपये

गाडीच्या आतली धूळ काढून देतो असे सांगून माझ्याकडून एकूण ९,२९९ रुपये घेण्यात आले, आणि त्या बदल्यात गाडीच्या आतील चकचकीत भागांवर कायमचे ओरखडे उठले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरी येऊन गाड्या स्वच्छ करणारे पुष्कळ जण आहेत. त्यांतले बहुतेक कष्टाने पोट भरणारे असून त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. माझा संताप आहे तो आधी स्वस्तात काम करून विश्वास मिळवणाऱ्या, मग वर्षभराचे पैसे आगाऊ घेऊन बेपत्ता होणाऱ्या त्या एका माणसावर, आणि त्याला मोकळे सोडणाऱ्या यंत्रणेवर.

जांबोटीच्या बाजूला ज्यांचे नित्य जाणे-येणे आहे, त्यांना तांबड्या धुळीविषयी सांगायला नको. काचा बंद असल्या तरी ती एसीच्या जाळ्यांत, सीटच्या शिवणीत आणि गिअरभोवतीच्या खाचांत जाऊन बसते. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. कठीणपणा १ ते १० अंकांत सांगणाऱ्या मोहस् मापनावर त्यांचा अंक ७ असतो आणि गाडीतले प्लास्टिक त्यांच्यापुढे फारच मऊ ठरते. म्हणून अशी धूळ कोरड्या फडक्याने दाबून पुसणे म्हणजे त्या भागावर पॉलिशपेपर फिरवण्यासारखेच आहे. हे मला आज कळते. पण जो माणूस हाच धंदा करतो म्हणून दारात उभा राहतो, त्याला ते आधीपासून ठाऊक असलेच पाहिजे.

पहिल्या सफाईचे त्याने ७९९ रुपये घेतले. काम चालू असतानाच त्याने अर्धा डॅशबोर्ड काळाभोर चकचकीत करून दाखवला, उरलेला अर्धा धुळकट ठेवला आणि वर्षभराच्या पॅकेजची गोष्ट काढली: दर तीन महिन्यांनी सफाई, वर ‘नॅनो कोटिंग’, सगळे मिळून ८,५०० रुपये, मात्र पूर्ण रक्कम आधी. मी थोडा थबकलो, तेव्हा तो म्हणाला, “सर, आपल्याच माणसाला मी फसवीन व्हय?” सीमाभागात मराठी बोलणारा कारागीर दारात आला की मन आपोआप मोकळे होते. त्या आपलेपणाचा त्याने हत्यारासारखा वापर केला, आणि मला सर्वांत जास्त लागले ते हेच.

एक क्षण मात्र राहून राहून डोळ्यांसमोर येतो. दाराच्या उंबऱ्यावरचा लाल चिखल ज्या निळ्या फडक्याने त्याने पुसला होता, तेच फडके न धुता, नुसते झटकून, त्याने गिअरभोवतीच्या काळ्या चकचकीत पट्टीवर गोल गोल फिरवायला सुरुवात केली. अगदी बारीक करकर ऐकू आली. मी लगेच विचारले, तर “मायक्रोफायबर आहे सर, ओरखडा पडूच शकत नाही,” असे उत्तर मिळाले. त्याच वेळी त्याला थांबवून गाडीबाहेर काढायला हवे होते, असे आज कुणीही म्हणेल. परंतु मी हटकले होते आणि ठाम आवाजात खोटे सांगितले गेले. छापील बिल आणि त्यावर जीएसटी क्रमांकही होता. सामान्य माणूस याहून अधिक काय तपासणार? पुढे तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला, तेव्हा तसा करदाताच नसल्याचे दिसले. क्रमांकाची सुरुवात २७ ने, म्हणजे महाराष्ट्राच्या संकेताने होती. कर्नाटकाचा संकेत २९ आहे. पैसे देण्याआधी हा शोध अवश्य घ्या, त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

ते ‘नॅनो कोटिंग’ म्हणजे सिलिकॉनचे साधे तेलकट पॉलिश होते. असे पॉलिश बारीक ओरखडे भरून काढते आणि काही काळ सगळे नवे दिसते. तो थर उतरला, तिरप्या उन्हात गाडी उभी राहिली आणि पट्टीवर, मीटरच्या पारदर्शक झाकणावर गोल रेघांचे जाळे उघडे पडले. डॅशबोर्डवरच्या डिस्प्ले स्क्रीनवर त्याने काच पुसायचे द्रावण थेट फवारले होते; तिथला चकाकी रोखणारा लेप जाऊन पांढुरका डाग राहिला आहे. पट्टी बदलायला ३,१५० आणि स्क्रीनला २२,६०० रुपये लागतील, असे शोरूमने लिहून दिले. दरम्यान त्या माणसाचा फोन बंद झाला.

पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा पहिले वाक्य ऐकायला मिळाले की पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, हा दिवाणी वाद आहे. बिलावरचा पत्ता कोल्हापूर जिल्ह्यातला दिसताच तिकडे जाण्यास सांगण्यात आले. तिकडच्या ठाण्याने सांगितले की घटना कर्नाटकात घडली आहे, तिथेच तक्रार द्या. परत आल्यावर अर्ज कन्नडमध्ये हवा म्हणून माझा मराठी अर्ज हातात परत ठेवला गेला. सीमा कुठून जाते यावर दोन राज्यांचे भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, पण फसवणूक करणाऱ्याला त्या सीमेचा फायदा कसा मिळतो, याची एकाही टेबलावर कुणाला लाज वाटली नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार नागरिकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, देता येते. ती नोंदवून घेतली नाही, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येते. हे नियम मला ठाण्यातल्या अधिकाऱ्यास सांगावे लागतात, हीच संतापाची गोष्ट आहे. अर्ज द्याल तेव्हा पोच घेतल्याशिवाय उठू नका.

ग्राहक म्हणून वेगळा मार्ग आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातच तक्रार करता येते, म्हणजे कोल्हापूरला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत २ वर्षांची आहे. मी त्याच मार्गाने निघालो आहे.

गाडी कुणाकडूनही साफ करून घ्या, पण समोर उभे राहा. आधी मऊ केसांच्या ब्रशने धूळ सैल करून ती व्हॅक्यूमने ओढून घेतली पाहिजे. फडके नंतर, आणि तेही स्वच्छ, किंचित ओले, दाब न देता, एका सरळ रेषेत. चकचकीत पट्टी आणि स्क्रीन यांसाठी वेगळे फडके मागा. द्रावण फडक्यावर घेतले जाते, स्क्रीनवर कधीच नाही. स्टिअरिंग आणि पेडलवर सिलिकॉन लावू देऊ नका, हातपाय घसरतात. सुरुवातीपूर्वी गिअरभोवतीच्या भागाचे टॉर्चच्या तिरप्या उजेडात फोटो काढून ठेवा. माझ्याकडे ते नव्हते आणि ओरखडे आधीचेच असतील, असे मला तोंडावर ऐकवण्यात आले.

निपाणीकडच्या एका परिचितांना अलीकडेच असाच माणूस भेटला. नाव वेगळे, बोलणे तेच, अर्धा डॅशबोर्ड चमकवून दाखवण्याची पद्धत तीच आणि आगाऊ मागितलेली रक्कमही ८,५०० च. त्यांनी बिलावरचा जीएसटी क्रमांक त्याच्यासमोरच मोबाइलवर टाकला, तेव्हा तो बादली उचलून निघून गेला.