मोतीबिंदूचे ऑपरेशन आणि कॉर्नियाची मोजणी : कोल्हापुरातील एका नेत्ररुग्णालयाचा अनुभव

माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, उजव्या डोळ्यातील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कोल्हापुरातील एका खासगी नेत्ररुग्णालयात झाली, त्याला आता चार महिने होत आले. रुग्णालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. लेन्स कोणती बसवली, खर्च किती आला, घरी किती वाजता सोडले याविषयी पुष्कळ जण लिहितात. पारपटलाविषयी, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात आणि आपण ढोबळपणे बुबुळावरची काच म्हणतो त्याविषयी, सहसा कोणी लिहीत नाही. आमचे सगळे रामायण त्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पडद्यावरच घडले, म्हणून हे परीक्षण त्याच अंगाने लिहितो आहे.

आबांचे वय ७६. करवीर तालुक्यात आमची उसाची शेती आहे आणि गावाकडच्या बहुतेक वडीलधाऱ्यांप्रमाणे 'मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढायचा नसतो' ही त्यांची पक्की समजूत होती. त्या समजुतीपायी दोन वर्षे गेली आणि मोतीबिंदू तपकिरी, कडक झाला. मोठा छेद घेऊन भिंग अख्खे बाहेर काढत असत त्या काळात ही समजूत ठीक होती. अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली फेको पद्धत आणल्यापासून भिंग डोळ्याच्या आतच ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेतले जाते आणि त्यासाठीचा छेद जेमतेम अडीच मिलिमीटरचा असतो. भिंग जितके कडक, तितकी ऊर्जा जास्त लागते. ही फोडाफोड कॉर्नियाच्या आतल्या पृष्ठभागापासून दोन-तीन मिलिमीटरवर चालते, त्यामुळे मार बसतो तो तिथल्या पेशींना.

पहिल्या तपासणीला मी पैकीच्या पैकी गुण देईन. गारगोटी, कागल, राधानगरीकडून आलेल्या माणसांनी दालन भरलेले असूनही डॉक्टरांनी स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्राखाली, आबांचा डोळा सावकाश पाहिला आणि 'आत बारीक ठिपके दिसतात, पेशी मोजून घेऊ' असे सांगून स्पेक्युलर मायक्रोस्कोपी करायला पाठवले. डोळ्याला यंत्र लागत नाही, दुखत नाही, दोन मिनिटांत फोटो निघतो. त्यात पोळ्यातील घरांसारख्या षटकोनी पेशी दिसतात. आबांच्या फोटोत त्यांच्यामध्ये काही काळे ठिपकेही होते. हे ठिपके वाढत गेले तर त्या विकाराला फुक्स यांचे नाव आहे. व्हिएन्नाच्या या नेत्रतज्ज्ञाने १९१० साली त्याचे वर्णन केले. आबांचा विकार त्या थराला गेलेला नव्हता. पेशींची संख्या निघाली दर चौरस मिलिमीटरला २०८०.

हा आकडा कशाला महत्त्वाचा, ते डॉक्टरांनी ज्या धीराने सांगितले त्याची नोंद करायलाच हवी. तरुणपणी या पेशी दर चौरस मिलिमीटरला तीन हजारांच्या आसपास असतात. डोळ्यातील पाणी कॉर्नियात सतत झिरपत असते आणि या पेशी ते सतत बाहेर उपसत असतात. कॉर्निया स्वच्छ राहतो तो या उपशामुळे. एखादी पेशी मेली तर माणसात तिच्या जागी नवी येत नाही, शेजारच्या पेशी पसरून जागा भरून काढतात. संख्या पाचशेच्या आसपास किंवा त्याखाली गेली की उपसा पुरत नाही, कॉर्निया सुजतो आणि पांढुरका होतो. आबांनी हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे हिरीवरच्या मोटारी कमी झाल्यात, आणि झरा हाय तेवढाच हाय." डॉक्टर म्हणाले, "आबा, आता पुढच्या पेशंटला मी असंच सांगणार."

इतके चांगले झाल्यावर खालच्या मजल्यावरील लेन्सच्या टेबलाशी मात्र मन खट्टू झाले. तिथल्या मुलीने फाईल न उघडताच तीन पॅकेजांचा तक्ता पुढे केला आणि सगळ्यात महागडी, चष्मा घालवणारी मल्टिफोकल लेन्स घ्यावी असा आग्रह धरला. अशी लेन्स येणारा प्रकाश विभागते, त्यामुळे कमी उजेडातील बारीक फरक थोडे कमी दिसतात. कॉर्नियातच ठिपके असतील तर हा तोटा वाढतो. मी पुन्हा जिना चढून डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी तत्काळ 'साधी मोनोफोकलच घ्या', म्हणजे एकाच अंतरावरचे स्पष्ट दाखवणारी, असे सांगितले. विचारायला गेलो नसतो तर? वरच्या मजल्यावर केलेली तपासणी खालच्या मजल्यापर्यंत पोचत नसेल, तर ती पद्धत सुधारली पाहिजे.

शस्त्रक्रिया अर्ध्या तासात आटोपली. कडक मोतीबिंदू आणि नाजूक पेशी लक्षात घेऊन दोन प्रकारची जेल वापरल्याचे डॉक्टरांनी नंतर सांगितले. त्यांपैकी एक कॉर्नियाच्या आतल्या बाजूला चिकटून राहते आणि भिंग फुटत असताना गादीसारखी आड येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली आणि आबांना समोरचे सगळे धुक्यात दिसू लागले. तपासणीत कॉर्नियाची जाडी, जी आधी ५३८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) होती, ती ६७० भरली. ही सूज होती, कडक मोतीबिंदूनंतर ती अपेक्षितच असते, आणि डोळ्याचा दाब ठीक असल्याने काळजीचे कारण नव्हते. पण हे आदल्या दिवशी सांगायला हवे होते. घरी दिलेला कागद संपूर्ण इंग्रजीत होता आणि त्यात सुजेचा शब्दही नव्हता. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, धूसरपणा वाढल्यासारखा वाटला म्हणून कागदावरच्या क्रमांकावर चार वेळा फोन केला. कोणी उचलला नाही. दुपारी जेवणे होईपर्यंत आबांना भिंतीवरच्या कालनिर्णयातील मोठे आकडे दिसू लागले होते. सोमवारी कारण समजले : झोपेत पापण्या मिटलेल्या असल्यामुळे कॉर्नियातील पाणी उडून जात नाही, म्हणून सुजलेला कॉर्निया सकाळी जास्त धूसर असतो आणि दिवस चढेल तसा निवळतो. एवढी एक ओळ मराठीत छापली असती तर आमच्या घरातला एक रविवार सुखात गेला असता. लाली, वाढत जाणारी वेदना आणि घटत जाणारी नजर ही लक्षणे मात्र वेगळी असतात; त्यांत दुपारपर्यंतही थांबून चालत नाही, हेही त्याच कागदावर हवे.

स्टेरॉइडचे थेंब आधी दिवसातून सहा वेळा आणि मग कमी करत सहा आठवडे, त्याबरोबर पाच टक्के मिठाचे थेंब, असा उपचार झाला. मिठाचे थेंब झोंबतात. आबांनी त्यांना 'लोणच्याचं पाणी' असे नाव ठेवले होते. तीन आठवड्यांत सूज उतरली, महिन्याने जाडी ५५० पर्यंत आली. त्यानंतर राहिली ती खुपखुप आणि कोरडेपणा. छेद घेताना कॉर्नियातील बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे हे होते. कृत्रिम अश्रूंच्या थेंबांनी अडीच-तीन महिन्यांत तेही बरेच कमी झाले.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी केली. ती मागून घ्यावी लागली, आपणहून कोणी सुचवली नाही. आकडा १७४० आला, म्हणजे साधारण सहावा हिस्सा पेशी गेल्या. डॉक्टरांच्या मते इतक्या कडक मोतीबिंदूला हे नुकसान आटोक्यातले आहे. वयोमानाने या पेशी वर्षाला साधारण अर्धा-पाऊण टक्का कमी होतात, शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात हा वेग पुढची बरीच वर्षे दोन-अडीच टक्क्यांपर्यंत राहू शकतो, म्हणून वर्षातून एकदा मोजत राहायचे आहे. पुढेमागे कॉर्निया थकलाच, तर हल्ली संपूर्ण कॉर्निया न बदलता नेत्रदानातून मिळालेला केवळ आतला पातळ थर बसवता येतो. ते ऐकून आबांनी परतीच्या वाटेवर नेत्रदानाच्या अर्जाची चौकशी केली, हे जाता जाता.

शस्त्रक्रियेच्या कौशल्यासाठी आणि पहिल्या तपासणीसाठी या रुग्णालयाला पाचपैकी पाच, लेन्सच्या टेबलासाठी दोन आणि घरी सोडल्यानंतरच्या व्यवस्थेसाठी एक. तरीही डावा डोळा तिथेच करणार आहोत. मोतीबिंदू अजून मऊ आहे आणि या वेळी तो पिकण्याची वाट पाहण्याविषयी आबांनी चकार शब्द काढला नाही. कारखान्याची तोड आमच्या शिवारात पोचण्याआधीची तारीख त्यांनी स्वतःच मागून घेतली, आणि डाव्या डोळ्याच्या मोजणीचा कागद आतापासूनच सात-बाराच्या पिशवीत घालून ठेवला आहे.