बटेराच्या अंड्यांसाठी घरगुती इनक्युबेटर : खोक्यावरची क्षमता आणि खरी क्षमता

लातूरच्या बाजारातून आणलेले ५६ अंड्यांचे इनक्युबेटर मी दोन खेपा चालवले आणि खोक्यावर छापलेली क्षमता कोंबडीच्या अंड्यांची असते, हे पहिल्याच खेपेला कळले. बटेराचे अंडे जेमतेम १० ते १२ ग्रॅमचे असल्याने ते मोठ्या खाचेत आडवे पडून राहते आणि ट्रे हलला तरी नीट वळत नाही. त्यासाठी वेगळा ट्रे लागतो, हे विक्रेत्याने सांगायलाच हवे होते. तो बसवल्यावर शंभराहून अधिक अंडी मावली, तरी मी ८०च ठेवतो, कारण १५व्या दिवशी ती खालच्या जाळीवर पसरावी लागतात आणि तिथे पिलांना पाय रोवायला जागा हवी.

तापमान ३७.५ अंशांवर उत्तम टिकले. आर्द्रतेचे तसे नाही: वैशाखातल्या आपल्याकडच्या कोरड्या हवेत शेवटचे तीन दिवस ती ६५ टक्क्यांवर ठेवण्यासाठी पाण्याचा खण दिवसातून दोनदा भरावा लागला. १७व्या दिवशी पहाटे पहिल्या कवचाला चीर गेली आणि दुपारपर्यंत अंगठ्याएवढी, पाठीवर काळसर पट्टे असलेली पिले जाळीवर धावू लागली. भारनियमनाच्या गावात मात्र १२ व्होल्ट बॅटरीची जोडणी असलेलेच यंत्र घ्यावे.