परमिट रूमसाठी सरकारी कर्ज देतो म्हणणाऱ्यापासून सावध

परमिट रूम काढायला पीएमईजीपीतून, म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून, २० लाख आणि वर ३५ टक्के सबसिडी मिळवून देतो, असं सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आमच्या घरातून अशाच एका एजंटानं १ लाख ४० हजार नेले.

मिरज-पंढरपूर रस्त्याला आमची थोडी जागा आहे. धाकटा भाऊ पुण्यात बारमध्ये कॅप्टन होता, आता गावाकडंच धंदा टाकायचा म्हणत होता. एजंटाचं ऑफिस सांगलीत, विश्रामबागेत. टेबलावर फायलींची चळत, भिंतीवर योजनेचा बॅनर.

त्याचं निम्मं बोलणं खरं होतं, गोम तिथंच आहे. पीएमईजीपी २००८ पासून चालू आहे. सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प त्यात बसतो. ग्रामीण भागात महिलेच्या नावानं अर्ज असेल तर अनुदान ३५ टक्के आणि स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के, हेही खरं. म्हणून फाईल भावजयीच्या नावानं करायला लावली. कॅल्क्युलेटरवर ७ लाखांचा आकडा काढून तो आमच्याकडं फिरवून दाखवला.

पण दारू देणारं हॉटेल, ढाबा किंवा दुकान या योजनेत चालतच नाही. मार्गदर्शक सूचनांमधल्या नकारात्मक यादीत, विडी-सिगारेटच्या धंद्यांबरोबर ते स्वच्छ छापलेलं आहे. भावानं दारूचं विचारलं तर म्हणाला, "पाहुणं, कागदावर फॅमिली रेस्टॉरंट दाखवू. बोर्ड काय, नंतर बदलतो. सगळे असंच करतात." लायसनचं विचारलं तर "साहेब आपलेच आहेत." एफएल-३, म्हणजे परमिट रूमचं लायसन, राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या चौकशीनंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीनं मिळतं, त्याचा या कर्जाशी काडीचा संबंध नाही.

प्रोजेक्ट रिपोर्ट आणि 'सिबिल साफ करणे' (सिबिल म्हणजे कर्जफेडीची पत) या नावाखाली ४० हजार गेले. मग व्हॉट्सअॅपवर मंजुरीपत्र आलं. वर राजमुद्रा, खाली बँकेचा गोल निळा शिक्का, मॅनेजरची सही. तारीख मात्र रविवारची! खाली लिहिलेलं: ५ टक्के हिस्सा, म्हणजे १ लाख, पुढील खात्यात भरावा. ते खातं कुठल्याशा माणसाचं साधं बचत खातं होतं. पैसे गेले आणि एजंटसाहेबांचा फोन लागेना.

पत्र घेऊन शाखेत गेलो तेव्हा कळलं की योजनेच्या पोर्टलवर आमचा अर्जच नाही. हा अर्ज ऑनलाइन आणि फुकट असतो, तो कुठवर आला ते स्वतःला बघता येतं. आपला हिस्सा बँकेत आपल्याच खात्यात भरायचा असतो. आणि अनुदान हातात कधीच येत नाही, ते ३ वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं. "सबसिडी आधी काढून देतो" म्हणणारा तिथंच उघडा पडतो.

शेवटी तो एकदा भेटला. पोलिसांचं नाव काढलं तर हसला. "जावा की. रेस्टॉरंटच्या फाईलवर सही कुणाची हाय?" ते फॅमिली रेस्टॉरंट त्यानं याचसाठी घुसवलं होतं. माणसाला आधी आपल्या लबाडीत भागीदार करायचं, म्हणजे तो चौकीची पायरी चढत नाही. किती जण असे गप्प बसले असतील, देव जाणे.

भावजय म्हणाली, "सही माझी हाय, तर मीच जाते." रेस्टॉरंटच्या गोष्टीसकट सगळं तिनं सांगितलं. हवालदार म्हणाले, अर्ज गेलाच नाही तर खोट्या अर्जाची भीती कसली? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार घेतली. पैसे अजून मिळालेले नाहीत, ते खातं आधीच रिकामं झालं होतं. ऑनलाइन पैसे गेले की त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, रक्कम पुढं सरकायच्या आत खातं गोठवता येतं.

ऑफिसला आता कुलूप आहे. त्याच्याकडं तुमचीही फाईल असेल तर मेसेज डिलीट करू नका. ते मंजुरीपत्र, पैसे भरल्याची पावती आणि खाते क्रमांक घेऊन तक्रार द्या, रेस्टॉरंटची गोष्ट न लपवता.